शेंदराची खोळ

कार्तिक लागला तसं मुळा नदीचं पाणी काठ सोडून खाली गेलं, आणि पावसाळाभर कुणाच्या ध्यानात नसलेल्या घाटाच्या बुडाल्या पायरीवर सोपानच्या इंजिनाच्या नावेचा पंखा आपटला. आवाज फार मोठा झाला नाही. पितळेचा तांब्या दगडावर पडावा, एवढाच. पण त्यानंतर नाव अशी थरथरू लागली की बसलेल्यांचे भाकरीचे डबे फळीवर खडखडू लागले आणि एका म्हाताऱ्याने दात गळतील म्हणून जबडा हाताने धरला. सोपानने इंजिन बंद केलं, वल्ह्याने नाव काठाला आणली आणि छातीभर पाण्यात उतरून मागच्या अंगाला हात घातला. तीन पात्यांपैकी एक अर्ध्यात तुटलं होतं. दुसरं गाईच्या कानासारखं मुडपलं होतं.

सांगवीचा हा घाट भोयांच्या या एका घराकडे पिढ्यान्‌पिढ्या होता. सोपानचा आजा वल्ह्यावर होता, बाप अर्जुनरावही वल्ह्यावरच म्हातारा झाला. मग दुसरी मोठी लढाई संपली आणि खडकीला लष्कराचं मोडीत निघालेलं सामान लिलावात आलं. त्यातून अर्जुनरावाने ही नाव आणली. लोखंडी पत्र्याची, मधोमध इंजिन, मागे पंखा. गावाने तेव्हा त्याला हसून घेतलं. पण पुढे पिंपरीला औषधाच्या कारखान्याचं बांधकाम निघालं, नदीपलीकडून रोज सकाळी माणसांची रीघ लागली आणि हसणारे गप्प झाले. अर्जुनरावाला ते दिवस फार बघायला मिळाले नाहीत. आता घाट सोपानकडे होता. घरात आई गोजाबाई आणि बायको शालन. मूलबाळ अजून नव्हतं.

पलीकडून येणारी निम्मी माणसं दौलतरावाची. तो बांधकामाला मजूर पुरवायचा. पंखा मोडला त्याच दिवशी तो सायकल हातात धरून घाटावर आला, काठाला लावलेल्या नावेकडे बघितलं आणि सोपानकडे न बघता बोलला.

"सोमवारी नव्या इमारतीचा स्लॅब हाय. माझी मानसं पलीकडं ताटकळली तर मंगळवारपासनं ह्या घाटावर माझी नाव चालंल. मी बोलून ठिवलंय. ट्रकवर घालायचीच तेवडी बाकी हाय."

सोपान म्हणाला, चालू करतो. दौलतराव बरं म्हणाला आणि गेला. घाटावर एकदा दुसऱ्याची नाव लागली की ती निघत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पंखा मिळाला. पुण्याच्या जुन्या बाजारात एका भंगारवाल्याच्या ढिगात तसाच तीन पात्यांचा पितळी पंखा पडला होता. सोपान मोडक्या पंख्याचं माप सुतळीला गाठी मारून घेऊन गेला होता. ते जुळलं. पंखा गोणपाटात गुंडाळून खांद्यावर टाकून तो आला, तेव्हा त्याला वाटलं, काम झालं. एक नट काढायचा, जुना पंखा ओढायचा, नवा बसवायचा, नट आवळायचा. दुपारपर्यंत नाव पाण्यात.

शुक्रवारी सकाळी बैलजोडी लावून, खाली बाभळीचे ओंडके सरकवत त्यांनी नाव मागच्या अंगाने काठावर घेतली. शालनने लुगडं खोचलं आणि जुनी लाकडी होडी सोडली. माणसं तर न्यायला हवी होती. आजवर ती सासऱ्याला किंवा नवऱ्याला बरं नसलं की वल्हं धरायची, ते कडेकडेने. आता भरल्या घाटावर, सगळ्यांदेखत, ती उभी राहून वल्हं मारत होती आणि सोपान चिखलात उताणा पडला होता.

"सोपानराव, वैनी पुढं गेल्या की वं," होडीतून यशवंतरावाने हाक दिली. हा बांधकामावरचा गवंडी, रोजचा उतारू. "तुमी तिथंच निजा. आमी सांजच्याला उठवाया येतो."

होडी हसली. शालन हसली नाही. सोपानने पाना उचलला.

नट दिसत नव्हता. त्याच्या जागी शेंदराचा गोळा होता, नारळाएवढा, टणक, तेलाने काळवंडलेला. हे गोजाबाईचं काम. लाकडी होडीला दर दसऱ्याला नाकावर शेंदूर लागायचा, कारण होडीचा जीव नाकात. या नावेचा जीव मागे, जिथे फिरतं तिथे, असं गोजाबाईने पहिल्याच वर्षी ठरवलं आणि घाटावरच्या सात आसरांच्या, पाण्यातल्या देवींच्या, दगडांना शेंदूर लावून झाला की उरलेला तेलात कालवून ती नावेच्या शेपटीला लिंपायची. दसरा सरला की पुढचा दसरा. थरावर थर बसत गेले आणि पाण्यातही सुटले नाहीत. उलट पाण्याने ते दगड झाले.

सोपानने खुरपं घेतलं. काठावर बसलेली गोजाबाई उठली.

"त्याला लोखंड लावू नको, सोपाना."

"आये, खाली नट हाय."

"आसंल. देवाची खोळ देवानं टाकायची असती. मानसानं खरवडायची न्हाई. तुझ्या बापाची वरसं अजून ताजी हायती."

बाप बुडून मेला नव्हता, तापाने मेला होता. पण त्या वर्षी आसरांची खीर चुकली होती, आणि ते गोजाबाई विसरली नव्हती. सोपानही विसरला नव्हता. त्याने खुरपं खाली ठेवलं. ठेवताना त्याला आतून असा काही संताप आला की तो आईवर होता, आसरांवर होता की स्वतःवर, हे त्याला कळेना. त्याने शेंदरावरूनच पाईपचा मोठा पाना घातला. दात शेंदरात रुतले, घसरले, पुन्हा रुतले. त्याने पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली, म्हणजे जोर वाढावा, पाय नावेच्या पत्र्याला लावले आणि अंग मागे टाकलं.

नट हलला नाही. पाठीतून कळ गेली. दम घेऊन त्याने पुन्हा अंग टाकलं. मग पुन्हा. उन्हं वर आली, सदरा पाठीला चिकटला. घाटावरून येणारा-जाणारा प्रत्येक माणूस उभा राहून, कसं करायला हवं ते सांगून जात होता. एकाने तर उलटीकडे फिरवा म्हणून सांगितलं, आणि सोपानने खरंच एकदा उलटीकडे फिरवून बघितलं, त्याचीच त्याला लाज वाटली.

शेवटी आत काहीतरी कट्‌कन तुटलं आणि नट फिरला. पण तो मोकळा फिरला नाही. करकर करत, दातात वाळू आल्यासारखा, प्रत्येक वेढ्याला काहीतरी ओढत बाहेर आला. सोपानला तो आवाज आवडला नाही. पण फिरतोय म्हटल्यावर थांबवेना. नट सुटला, आणि त्याच्याबरोबर शेंदराचा गोळा फुटून, त्याची अर्धी वाटी अखंड चिखलात पडली.

गोजाबाईने ती पदरात उचलली. तिचा चेहरा उजळला होता. आसरांनी खोळ टाकली, असं ती भेटेल त्याला सांगत सुटली. शंभरात एखाद्याच्या हयातीत देव खोळ टाकतो. होडीतून उतरणाऱ्यांच्या हातावर तिने गूळ ठेवला, खोळ घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवली. लोकांनी गूळ खाल्ला आणि सोपानला नमस्कार केला, जणू त्यानेच काही पुण्य केलं होतं.

सोपान शाफ्टच्या, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या, टोकाकडे बघत होता. नट जिथे बसतो तिथे शाफ्टला आटे असतात, स्क्रूला असतात तसे. शाफ्ट कांशासारख्या पिवळ्या, मऊ धातूचा होता. पंख्याजवळचे आटे, म्हणजे नटाखाली झाकलेले, शाबूत होते. बाहेरचे मात्र नांगर फिरवावा तसे आडवे ओरबाडले गेले होते. आणि मधोमध शाफ्टला आरपार एक भोक होतं, त्यात पोलादाचा तुटका तुकडा अडकला होता.

तिथे खीळ होती. नट सुटू नये म्हणून नटातून आणि शाफ्टातून आरपार घातलेली, टोकं वाकवलेली खीळ. आधी ती सरळ करून उपसायची, मग नट फिरवायचा. त्याने खीळ असताना नट फिरवला होता. खीळ मोडली आणि तिच्या तुकड्यांनी वाटेतले सगळे आटे खाल्ले.

त्याने पाना चिखलात टाकला. मग उठला, घण घेतला आणि जुना पंखा काढायला लागला, कारण निदान तेवढं तरी होईल. पंखा शाफ्टवर निमुळत्या जागी रुतून बसला होता. मागून ठोकायला जागा नव्हती म्हणून त्याने शाफ्टच्या टोकावरच घाव घातला, हादऱ्याने सुटेल म्हणून. पंखा सुटला नाही. टोक मात्र अळंबीसारखं पसरलं. दुसरा घाव तो घालणार, तेवढ्यात शालनने होडी लावली.

"अवं, थांबा की. काय राहिलंय ते तरी राहू द्या."

तिने हात पाठीमागे धरले होते. सोपानने ते बघितलं, पण विचारलं नाही. ती घरात गेली आणि न्हाणीतला उकळत्या पाण्याचा हंडा घेऊन आली. पेल्यात पेला अडकला तर बाहेरच्यावर गरम पाणी ओततात, असं म्हणून तिने पंख्याच्या मधल्या भागावर धार धरली, आणि म्हणाली, आता मारा, पन पंख्यावर मारा, दांड्यावर नगं. सोपानने लाकडाचा ठोकळा लावून पात्यांच्या मुळाशी एक ठोका दिला. पंखा उडून चिखलात पडला.

शालन हसली. सोपान हसू शकला नाही. हे आधी सुचलं असतं तर, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि ते तोंडावर दिसलंही असावं, कारण शालनने रिकामा हंडा उचलला आणि ती घरात गेली. हंडा तिने दोन्ही मनगटांनी धरला होता, तळहातांनी नाही.

दुसऱ्या दिवशी नट आणि त्यात अडकून राहिलेला खिळीचा तुकडा फडक्यात बांधून सोपान दापोडीला बबनरावाकडे गेला. बबनराव टर्नर. दिवसा एका वर्कशॉपात लेथवर असायचा, आणि शनिवारी दुपारनंतर घराच्या पडवीत त्याचा स्वतःचा जुना लेथ चालायचा. जाड भिंगाचा चष्मा, बोटं काळी, तोंड कायम तंबाखूने भरलेलं. त्याने नट उजेडाकडे धरून आत बघितलं.

"शाफ्ट आन."

सोपान म्हणाला, शाफ्ट निघत नाही. पुढचं टोक इंजिनाला जोडलंय, आणि ते जोड बापाच्या वेळेपासून गंजून एक झालेत. ते सोडवायचे तर इंजिन उचलावं लागेल. सोमवारपर्यंत होणार नाही.

"मग हितं कशाला आलास?" बबनरावाने पिंक टाकली. "खीळ न काढता नट फिरवलास व्हय? सोपानराव, दावं न सोडता गाय वडली की तुमी."

पडवीत बसलेले दोघे-तिघे हसले. खीळ दिसली नाही का, असं बबनरावाने विचारलं. सोपानच्या जिभेवर आलं होतं, शेंदराखाली होती. पण ते बोललं असतं तर पडवी आणखी हसली असती, आणि हसू त्याच्यावरून आईवर गेलं असतं. त्याने सांगितलं, न्हाई दिसली. बबनरावाने मान हलवली, म्हणजे या माणसाला डोळे नाहीत हे त्याने मान्य केलं.

पण नट त्याने करून दिला. जुन्याच्या मापाने नवा, पितळेचा, चकचकीत. आणि वर सांगितलं की हा असा चढणार नाही, जागा साफ केल्याशिवाय घालायला गेलास तर हाही जाईल. जुना नट करवतीने उभा कापून दोन फाका कर. पंख्याच्या अंगाला जे आटे शाबूत आहेत, त्यांवर त्या फाका दोन बाजूंनी बसव, पान्याने गच्च दाब आणि हळूहळू बाहेर फिरवत आण. चांगले आटे वाट दाखवतील, मोडके त्या वाटेला येतील. मधे मधे तिधारी कानशीने घास. घाई केलीस तर मी न्हाई, असं म्हणून त्याने एक नवी खीळ नटात खुपसून दिली.

रविवारी सोपानने शाफ्टचं पसरलेलं टोक घासून सारखं केलं, मग जुना नट दोन ओंडक्यांत चेपला आणि कापायला घेतला. करवतीचं पातं एकदा मोडलं. फाका झाल्या. त्या शाफ्टवर धरून पान्यात पकडताना एक फाक निसटून चिखलात गेली, आणि ती शोधायला त्याने चिखल चाळून काढला. पुन्हा लावली. पान्याने दाबून अर्धा वेढा बाहेर आणला की फाका ओरबाडलेल्या जागी येऊन अडत. मग त्या काढायच्या, कानस घ्यायची, एकेका आट्याच्या कडेला तिचा कोन लावायचा आणि मुंगीच्या चालीने घासायचं. बोटांची सालं निघाली. पिवळा भुगा रक्तात मिसळून नखांत बसला. वाकलेल्या मानेत काहीतरी गच्च धरल्यासारखं झालं होतं, ते सरळ उभं राहिलं तरी सुटेना.

रविवारचे उतारू कमी होते, पण बाजारहाट होतीच. शालन खेपा घालत होती. वल्ह्याच्या दांड्याला तिने चिंध्या गुंडाळल्या होत्या, आणि त्या लाल झाल्या होत्या.

दौलतराव पुन्हा आला. खाली बसला, शाफ्टकडे बघितलं. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तो बसला, आणि हेच सोपानला जास्त लागलं.

"राहू दे, सोपानराव," तो जरा मऊपणाने म्हणाला. "ट्रक सांगून टाकतो. तू माझ्या नावंवर बस. रोज देईन."

सोपान म्हणाला, उद्या बघा. आवाज त्याला स्वतःलाच खोटा वाटला.

ऊन कलतीला लागलं तेव्हा मोडक्या आट्यांना रूप आलं होतं. त्याने भोकातला तुटका तुकडा खिळ्याने ठोकून काढला, सगळं रॉकेलने धुतलं आणि बबनरावाचा नवा नट चढवायला घेतला. दोन वेढे सुरेख गेला. मग अडला. त्याने काढला, घासलं, पुन्हा चढवला. तिथेच अडला. कुठल्या आट्यावर अडतोय ते दिसत नव्हतं. सगळे सारखेच चकाकत होते. तो नको तिथे घासून चांगले आटे पातळ करत होता, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने कानस लांब फेकली. ती नदीत पडली नाही, एवढंच नशीब. थोड्या वेळाने तो स्वतःच जाऊन ती घेऊन आला.

रंग हवा होता. नटाच्या आत रंग लावला, नट अडेपर्यंत चढवला आणि काढला, तर जिथे घासतो तिथेच शाफ्टवर रंग उमटेल. त्याने कंदिलाची काजळी तेलात कालवून बघितली. शाफ्ट तोवर हाताच्या मळाने काळपटला होता, काळ्यावर काळं दिसेना. लाल हवा होता. तेलातला, बारीक, चिकटून राहणारा लाल.

तो उठला आणि घराकडे चालू लागला. चालताना त्याला कळत होतं की तो शेंदूर मागायला निघालाय.

गोजाबाई देव्हाऱ्यापुढे वाती वळत होती. खोळ मधोमध ठेवली होती, वर झेंडूचं फूल. सोपान खाली बसला. खोळीची आतली बाजू त्याच्याकडे होती, नटाच्या आकाराने खोलगट, गुळगुळीत. आणि त्या शेंदरात, दातासारखं अर्धं बाहेर आलेलं, खिळीचं वाकडं डोकं होतं.

त्याला फारसं काही बोलायचं नव्हतं. पण शुक्रवारपासूनचं सगळं एकदम वर आलं.

"आये, ती बघ. ती माझ्या नावंची खीळ हाय. तुझ्या शेंदरानं गिळली. दिसली असती तर मी अशी मोडली असती का? तिकडं दौलतराव ट्रक आनतोय, बबनराव मला आंधळा म्हनतोय, शालीच्या हाताची कातडी गेली, आन् तू तिच्यावर फूल वाहतीस."

गोजाबाईच्या हातातली वात थांबली. तिने खोळीकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"ती व्हय," ती म्हणाली. "ती मला ठावं हाय."

सोपानने मान वर केली.

"नाव आनली त्या वरसाला तुझ्या बापानं दावली मला. हात धरून. म्हनला, गोजा, ह्या नावंत समदं मोठं मोठं हाय, पन ही एवडीशी निघाली तर पंखा पान्यात आन् आपन वाऱ्यावर. मंग काय करू? निघू नये म्हनून तर लिंपीत हुते मी. दर दसऱ्याला आदी तिच्यावर बोट, मंग बाकीच्यावर."

"मंग शुक्रवारी का न्हाई बोललीस?"

"लोखंड लावू नको म्हनले की. तू पाना घातलास. मला वाटलं, तुला ठावं आसंल. बापानं तुला सांगितलं आसंल." ती थोडी थांबली. "तू इचारलंस कवा, खाली काय हाय म्हनून?"

बाप गेला त्या साली सोपान वल्ह्यावर होता, इंजिनाच्या कडेला फिरकत नव्हता. ते बापाचं खूळ आहे, असं तोच सगळ्यांना सांगायचा. मग बाप आठ दिवसांच्या तापाने गेला आणि इंजिन कसं सुरू करायचं हेसुद्धा त्याला बापाच्या उतारूंनी शिकवलं. खिळीबद्दल उतारूंना काय ठाऊक असणार?

त्याने विचारलं, शेंदूर आहे का, तेलातला, थोडा पातळ. कशाला, असं तिने विचारलं नाही. तिने वाटी काढली, शेंदूर घातला, गोडं तेल ओतलं आणि बोटाने घोटू लागली. घोटता घोटता तिने खोळीवरचं फूल उचललं, खोळ हातात घेतली आणि नखाने, हळूहळू, खिळीचं डोकं उकरून काढलं. ते तिने पदराला पुसून सोपानच्या हातावर ठेवलं. बाकीची खोळ पुन्हा जागेवर ठेवली, फूल पुन्हा वर ठेवलं.

शेंदूर चांगला होता. नटाच्या आत लावून चढवला, काढला, तर तिसऱ्या-चौथ्या आट्याच्या खालच्या अंगाला लाल ठिपका उमटला. तेवढंच घासलं. पुन्हा लावला. ठिपका पुढे सरकला, बारीक झाला. शालन शेवटची खेप करून आली आणि कंदील धरून उभी राहिली. अंधार पडता पडता नट शेवटपर्यंत गेला. गुळगुळीत गेला असं नाही. एका जागी अजून जडच होता. सोपानने तो तसाच ठेवला. फार साफ करायला गेलो तर सैल होईल, असं तो म्हणाला, आणि शालन म्हणाली, राहू द्या.

सोमवारी उजाडता उजाडता नवा पंखा चढला. नदीवर धुकं होतं. पलीकडच्या काठावर माणसं खोकताना ऐकू येत होती, दिसत नव्हती. सोपानने नट आवळला, नटाची खाच शाफ्टच्या भोकासमोर आणली, खीळ घातली आणि तिची टोकं वाकवली. मागे पावलं वाजली. गोजाबाई शेंदराची वाटी घेऊन आली होती.

सोपान बाजूला झाला नाही. ती त्याच्याशेजारी वाकली. तिची नजर आता फार चालत नव्हती. तिने अंगठ्याने नट चाचपला, कडा चाचपल्या, खिळीचं डोकं सापडलं तिथे अंगठा ठेवला आणि मग दुसऱ्या हाताच्या बोटाने त्याच्या भोवती, नटाच्या फक्त माथ्याला, शेंदूर लावला. पातळ. खिळीच्या दोन्ही अंगांना तेवढी जागा मोकळी सोडून.

"दिसती का?" तिने विचारलं.

"दिसती."

"मंग ढकल."

बैलांनी नाव पाण्यात घातली. इंजिन दोनदा खाकरलं, तिसऱ्यांदा लागलं. दौलतराव घाटावर आला होता. सायकलवरून उतरला होता, पण बसला नव्हता. धुक्यात वरच्या रस्त्याला एक ट्रक उभा होता, त्याच्या पाठीवर काहीतरी लांबट, ताडपत्री टाकलेलं. तो ट्रक परत न्यायला दौलतरावाने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. बघू, एवढं तो म्हणाला.

रिकामी नाव पलीकडे निघाली. सोपानने एक हात सुकाणूवर ठेवला आणि दुसरा पंज्याने खालच्या फळीवर टेकला, थरथर लागते का ते बघायला. लागत नव्हती. तरी एखादी बारीकशी जाणवायची, ती त्या जड आट्याची की इंजिनाची, हे त्याला ठरवता येईना. मधल्या धारेत आल्यावर त्याने शालनकडे बघितलं. ती पुढे बसली होती. तळहातांना हळदीच्या पट्ट्या बांधलेल्या, मांडीवर वल्हं आडवं. जुन्या होडीतलं वल्हं तिने येताना उचलून आणलं होतं.

"ठेव की खाली," तो म्हणाला. "चाललीय न्हवं नाव?"

"चाललीय," शालन म्हणाली. पण काठ लागेपर्यंत तिने वल्हं खाली ठेवलं नाही.

काठावर यशवंतराव सगळ्यात पुढे होता. त्याने फळीवर पाय दिला, बसला, डबा मांडीवर घट्ट धरला, मग जरा वेळाने सैल सोडला. डबा खडखडत नव्हता. मागून दौलतरावाची माणसं चढू लागली, एकमेकांना ढकलत, उशीर झाला म्हणून कुरकुरत, रोजच्यासारखी.

"सोपानराव," यशवंतराव म्हणाला, "आज वैनींचा हात न्हाई व्हय?"

"आजचा दिस तेवढा माझा सोसा," सोपानने उत्तर दिलं आणि नाव वळवली. धुक्यातून सांगवीचा घाट अजून दिसत नव्हता. तिथे ट्रक असेल की नसेल, हे जवळ गेल्यावरच कळणार होतं. पुढे शालनने वल्हं पुन्हा मांडीवर घेतलं.